रूपाबाईचा घेर

फाल्गुन वद्य १, शके १८६९. सन १९४८. गुरुवार.

काल होळी झाली. घरातली होळी मी एकटीनेच पेटवली, नैवेद्याला पोळीही एकच केली. संक्रांतीनंतर हे पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात छावणीत गेले ते गेलेच. निजामाचं राज्य जायचं असेल तर कोणीतरी गेलं पाहिजे, असं म्हणाले. जावं, माझी ना नाही. पण दुकानाला कुलूप, लेक सासरी, आणि ह्या एवढ्या घरात मी आणि औंढ्याच्या नागनाथाची तसबीर.

आज तांड्यावर गेले होते. आमच्याकडे सरपण घालणारी रूपाबाई, तिच्या नातवाची पहिली होळी. त्या लोकांत पहिल्या होळीला लेकराचा सोहळा करतात. बोलावणं होतं, जाऊ नये तर वाईट दिसतं. बाळंतविड्याला पाव शेर खारीक नेली.

तिथे जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. मैदानात दोन खुंट्या ठोकून गोड खाण्याचा पितळी हंडा दोरांनी बांधून ठेवतात. भोवती बाया हंड्याकडे पाठ करून उभ्या राहतात, प्रत्येकीच्या हातात काठी. गडी तो हंडा पळवायला येतात. बायांनी मारायचं. गड्यांनी आपल्या काठीवर वार झेलायचा, चुकवायचा, पण उलटून मारायचं नाही. मार लागला तर रागवायचं नाही, मागाहून बोलून दाखवायचं नाही. मला वाटलं लुटुपुटीचं असेल. कसलं काय. रूपाबाईच्या धाकट्या दिराच्या, खेमाच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं आणि तो हसत होता. हंडा शेवटी गडी नेतातच, पण दिवस कलेपर्यंत बायांनी त्यांना शिवू दिलं नाही.

रूपाबाई साठीला आली आहे. सरपणाची मोळी उतरवताना कण्हते. त्या घेरात मात्र तिला कोणी जागचं हलवू शकलं नाही.

मी मॅट्रिक झाले तेव्हा वडील म्हणाले होते, आता हिला जगात कशाची भीती नाही. त्यांना काय ठाऊक, मॅट्रिकचं सर्टिफिकेट दाराला अडसर म्हणून लावता येत नाही.

फाल्गुन वद्य ५

रूपाबाईला विचारलं, मला शिकवशील का. ती आधी हसली, मग मोळीवर बसून आणखी हसली. म्हणाली, "तुमी दुकानवाल्याची बायको. तुमाला काहून पाहिजे काठी? तुमची तर जीभच लय चालते."

मी म्हटलं, जीभ दाराच्या आत चालते. गावात काय चाललं आहे ते तुलाही दिसतं. वर्दी घालून फिरणारे रोज दिवसाउजेडी गल्लीत बघून जातात, कोणाच्या घरात गडीमाणूस नाही ते.

मग ती हसायची थांबली. काठी मात्र लगेच हातात दिली नाही. मुसळ घेऊन या म्हणाली. मुसळ दोन्ही हातांत आडवं धरून परसात उभं राहायचं, एवढाच पहिला धडा. खांदे भरून आले. घरात रोज कांडते ते मुसळ इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं.

चैत्र शु. ४, शके १८७०

पाडव्याला रूपाबाईने काठी आणून दिली. भरीव बांबू, माझ्या कानाच्या पाळीइतका उंच. रोज तीळतेल चोळायचं. तेल हिशोबात कुठे दाखवावं कळेना. घरखर्चात टाकलं तर हे आल्यावर विचारतील. नागनाथाच्या दिव्याखाली मांडलं. देवाचंच काम आहे, देव समजून घेईल.

आज दोन बांगड्या फुटल्या. नवरा परगावी असताना बांगडी वाढवणं मनाला लागतं. रूपाबाई म्हणाली काढून ठेवा. तिला सांगायला काय जातं, तिच्या हातातल्या हस्तिदंती. मी तशीच भिंतीपाशी रडवेली उभी, तर भिंतीवरून मदीनाबीचं डोकं वर आलं.

मदीनाबी म्हणजे आमची पलीकडली. तिचा नवरा लतीफ मणियार, सगळ्या गावाच्या हातांत बांगड्या त्याच्याच. लग्नाचा चुडादेखील मला ह्याच घरातून भरला होता. ती किती दिवस भिंतीवरून बघत होती कोण जाणे. म्हणाली, "बाई, काठी ठीक है, पण पाय बघा तुमचे. कबूतर चालल्यावानी चालून राहिले."

मग भिंत वळसा घालून आली आणि माझ्या दोन्ही मनगटांवर बांगड्यांसकट जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून दिल्या. आता बांगडी वाजतही नाही, फुटतही नाही. फुटलेल्यांच्या जागी नव्या भरल्या. रूपाबाईने ते पाहून मान डोलवली. त्या दोघींनी मग माझ्या पायांवरून माझी इतकी थट्टा केली की मलाही हसू आलं.

चैत्र वद्य ९

पाय आता कबुतराचे राहिले नाहीत, असं मदीनाबीच म्हणाली.

रूपाबाईचं शिकवणं असं: डोक्याकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. डोक्यात मारलं तर माणूस मरतो, नाहीतर चिडतो, आणि दोन्ही वाईट. हातावर मारलं की त्याच्या हातातलं खाली पडतं आणि त्याच्याबरोबर त्याचा जोरही. पाठ कधी उघडी टाकायची नाही. एकटीची पाठ भिंतीला, दोघींची एकमेकींना.

लतीफही मोहरमच्या आखाड्याचा उस्ताद आहे. पूर्वी त्याच्या आखाड्यात आपलीही पोरं जायची, दोन्ही टोकं पेटवलेली बनेटी फिरवायची. हे स्वतः सवारीपुढे नारळ वाढवायचे. गेल्या मोहरमला कोणी गेलं नाही. मदीनाबी म्हणाली, त्याच्या आखाड्यात काठी गोल फिरते, तुमच्या रूपाबाईची सरळ येते. मी म्हटलं मग लतीफला बोलाव, बघू कोणाची खरी. तो दिवसा झोपतो म्हणाली.

हे मला खटकलं. बांगड्यांचा धंदा करणारा माणूस दिवसा का झोपावा? शिवाय सकाळी माझ्या पायरीवर विड्यांची थोटकं सापडू लागली आहेत. कोणीतरी इथे बसून घरावर नजर ठेवतं हे उघड आहे. लतीफचा पुतण्या त्या वर्दीवाल्यांत सामील झाला असं ऐकते. मी थोटकं झाडून टाकते आणि काठीला तेल लावते. मी भीत नाही, पण मूर्खही नाही.

वैशाख शु. ११

आता आम्ही पाचजणी आहोत. मास्तरांची नीलाबाई आली, तिच्यामागून गल्लीतल्या आणखी तिघी. नीलाबाई काठी मारण्याआधी "हं, मारते बरं का" असं सांगते. रूपाबाई कपाळाला हात लावते.

विश्रांतीला बसलो तेव्हा मी विचारलं, हा खेळ तुमच्यात आला कुठून? म्हणाली, आमचे बापजादे बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरत. मुक्काम पडला की गोण्या रचून त्यांचाच कोट करायचे. गडी बैल घेऊन पाण्याला जात, चराईला जात, रात्र रात्र येत नसत. गोण्या राखायच्या बायांनी. आता बैल गेले, मीठ आगगाडीत गेलं. "गोणी गेली, राखण ऱ्हायली. म्हून होळीला हंडा मांडतो. हाताला इसर पडू ने."

मी पुढे विचारलं, होळीला समोर स्वतःचा नवरा आला तर? ती म्हणाली, "घेरातल्या बाईला नवरा न्हाई, देर न्हाई, भाऊ न्हाई. पाठीमागं हंडा हाय आन् हातात काठी हाय. हंडा कोणाचा, ते बी इचारायचं न्हाई."

नीलाबाई म्हणाली, अगबाई, हे तर पाप. पोथीत पतीसमोर मान वर करू नये असं आहे, पण घेराचा उल्लेख पोथीत नाही.

आषाढ वद्य २

पुष्कळ दिवस लिहिणं झालं नाही. पाऊस, परसात चिखल, त्यामुळे काठी ओसरीत चालते. दोन हंड्या फुटल्या.

परवा पलीकडच्या गल्लीत तीन घरं फोडली. दुकानंही. आमच्या दुकानाच्या कुलपाला ओरखडासुद्धा नाही. सगळी गल्ली म्हणते, अनुसयाबाईच्या काठीची बातमी पोचली आहे. मलाही तसंच वाटतं. नागनाथाची कृपा आणि थोडी माझी मेहनत.

लतीफच्या डोक्याला मात्र त्याच रात्री मार लागला. पट्टी बांधून हिंडतो. कुठे लागलं म्हणून विचारलं तर म्हणे, चौकट लागली. त्या घरफोड्यांत होता की काय, असा विचार मनात आला आणि मी तो हटवला नाही. मदीनाबीला ताक द्यायचं बंद केलं. भिंतीवरून डोकं वर येणंही कमी झालं. बरं नाही वाटत, पण सावध राहावं लागतं.

भाद्रपद शु. ११

गणपती बसले आहेत, आणि हिंदुस्थानचं सैन्य आत शिरलं अशी बातमी आली. मास्तरांकडे रेडिओ नाही, पण कळमनुरीच्या बाजाराहून आलेला प्रत्येक माणूस रेडिओ झाला आहे. वर्दीवाले रस्त्यावर दिसत नाहीत. मी गणपतीला एकवीस मोदक केले, एरवी अकराच करते.

हे आता परत येतील.

भाद्रपद शु. १४. शुक्रवार

गणपती बोळवले. निजामाने हार मानली म्हणतात. गावात गुलाल. लतीफच्या घराचं दार आतून बंद आहे, चूलही पेटलेली दिसत नाही. पुतण्या पळून गेला. लतीफ का गेला नाही कळत नाही. जायला हवं होतं. मी असं लिहिते आहे आणि लिहून झाल्यावर मला ते आवडलेलं नाही.

भाद्रपद पौर्णिमा

हे सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या वेगळं आठवेल.

सकाळी खेमा गल्लीत आला. लतीफच्या दाराकडे बघून मला म्हणाला, "बाई, आज ह्या घराचा हिसाब व्हनार हाय. नदीपल्याडचे लोक येऊन राहिले. तुमी दार लावून घ्या."

मी दार लावलं. पोथी उघडली. तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं. मनात सगळी गणितं केली: विड्यांची थोटकं, लतीफचं डोकं, त्याचा पुतण्या. सगळं त्याच्या विरुद्ध जात होतं. पण मनगटाच्या चिंध्या डोळ्यांसमोरून हलेनात. शेवटी मी पोथीला नमस्कार केला, काठी घेतली आणि मागच्या दाराने नीलाबाईकडे गेले. तिला म्हटलं, धावत तांड्यावर जा, रूपाबाईला सांग हंडा बांधला आहे. ती काही न विचारता गेली.

मी लतीफच्या ओट्यावर चढून दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून मदीनाबीचा आवाज आला, कोण? मी म्हटलं, मी आहे, कडी काढू नकोस.

रूपाबाई आली ती तांड्यावरच्या बाया घेऊन, होळीच्याच काठ्या. मागून आमच्या चौघी. ओट्याभोवती अर्धा घेर झाला, खांद्याला खांदा. तेवढ्यात लतीफने आतून कडी काढली. हातात आखाड्याची काठी. म्हणाला, बायांना पुढं करून मी आत बसणार नाही. रूपाबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "तू आत बस. घेरात हंडा बोलत न्हाई." त्या तसल्या वेळी सुद्धा आमच्यातली एकजण फिसकन हसली. मदीनाबीने त्याला आत ओढलं.

मग लोक आले. पुढे अनोळखी, मागे आपल्याच गावातले, तांड्यावरचे काही, त्यांत खेमा. कुऱ्हाडी होत्या. रॉकेलचा डबा होता. आणि त्यांत हे होते. दाढी वाढलेली, खादीची टोपी, आठ महिन्यांनी पहिल्यांदा पाहत होते. मला आधी आनंद झाला, हे खरं लिहिते. मग हे कोणाबरोबर उभे आहेत ते दिसलं.

हे पुढे आले. चारचौघांत मला कधी नावाने हाक मारली नव्हती. म्हणाले, "अनुसया, घरी चल. हे तुझं काम नाही."

मी हलले नाही. ह्यांनी हात पुढे करून माझी काठी धरली आणि मला ओट्यावरून ओढलं. माझा पाय घसरला. घेरात जागा पडली, आणि त्या जागेतून एक कुऱ्हाडवाला आत घुसू लागला.

मी काठी हिसकली आणि ह्यांच्या मनगटावर मारली.

आवाज सगळ्यांनी ऐकला. हे हात पोटाशी धरून खाली बसले. मी पुन्हा जागेवर. रूपाबाईने तोवर कुऱ्हाडवाल्याचा हात पाहिला होता आणि कुऱ्हाड ओट्यावर पडली होती.

मग मागून हसू आलं. खेमा. मुद्दाम नव्हे, त्याच्या तोंडून निसटलंच. घेरातल्या बाईने नवऱ्याला हाणलं की तांड्यावर हसतात, जन्मापासून हसत आले आहेत. त्याच्या शेजारचाही हसला. रूपाबाई म्हणाली, "खेमा, तू बी ये. तुजं कपाळ भरून आलं असंल आता."

खेमाने काठी खाली टाकली. म्हणाला, "न्हाई भाभी. घेर धरला, आता आमी काय करावं." तांड्यावरचे सगळे गडी मागे सरले. घेराने मारलं तर उलट मारायचं नाही, हे त्यांच्या हाडात आहे. आता शिवायचं तर आपल्याच आयाबहिणींना शिवावं लागणार होतं. ते गेल्यावर गावातलेही एकेक करून पांगले. नदीपलीकडून आलेले थोडे उरले. एकाने दगड मारला, नीलाबाईच्या खांद्याला लागला. तिने "हं, मारते बरं का" म्हटलं आणि खरंच मारली. मग तेही गेले.

ते दुसऱ्या गल्लीत गेले. तिथे घेर नव्हता. त्याबद्दल आज मला लिहिता येत नाही.

भाद्रपद वद्य १

रात्री ह्यांना जेवायला वाढलं. उजवा हात सुजून भोपळा झाला आहे. हळद-चुना लावला. डाव्या हाताने जेवले. हातातला घास सांडला तर मी उचलला.

शेवटी म्हणाले, "मी ओळखू आलो नाही का तुला?"

मी म्हटलं, "ओळखलं म्हणून हातावर मारली."

मग म्हणाले की ते थांबवायलाच आले होते, त्या लोकांना आवरायला. असेल. मी मान डोलवली. हे डोळे खाली घालून सांगत होते. मी ते इथे लिहून ठेवते, खरं-खोटं नागनाथाला ठाऊक. पतीला मारल्याचं प्रायश्चित्त काय ते पोथीत शोधलं. सापडलं नाही. तरी उद्या उपास करीन. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मारीन, आणि पुन्हा उपास करीन.

भाद्रपद वद्य २

हात उतरेना. बोटं हलवली की घाम फुटतो. कळमनुरीला डॉक्टर आहे, पण रस्ते बंद. हाड बसवणारा जवळ कोण? आखाड्याचा प्रत्येक उस्ताद हाडं बसवतो, हे ह्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मी नाव घेतलं नाही. दुपारपर्यंत ह्यांनी सहन केलं. मग उठून टोपी घातली, काढली, आणि बोडक्या डोक्याने पलीकडे गेले.

मी मागून गेले. लतीफने दार उघडलं, ह्यांच्या हाताकडे पाहिलं. लतीफ म्हणाला, आत अंधार आहे, उजेडात बघावं लागेल. आणि चटई ओट्यावर टाकली. हाच तो ओटा.

ह्यांचा हात त्याने आपल्या मांडीवर घेतला, तेल लावून बोटांनी चाचपू लागला. "मालक, मोहरमला तुमी वाढवायचे तो नारळ कुठला, बसमतचा?" हे म्हणाले, नाही, तो तर आपल्या— आणि तेवढ्यात त्याने हात ओढला. ह्यांची किंकाळी चावडीपर्यंत गेली असेल.

"बसलं बराबर," लतीफ म्हणाला. "तुटलं न्हवतं, सरकलं होतं. बाईंनी नापून मारली." मग माझ्याकडे बघून, "सरळ काठी. आमची गोल असती तर हाड गेलं असतं." मदीनाबी दाराआडून म्हणाली, पाय मात्र अजून कबूतरच.

पैसे घ्यायला तयार नाही. आखाड्यात हाडाचे पैसे घेत नाहीत म्हणे. बांबूच्या कामट्या बांधून दिल्या. रोज सकाळी उन्हं वर आली की यायचं, ओट्यावर बसून तेल चोळून घ्यायचं, तो पुरे म्हणेल तोवर.

भाद्रपद वद्य १०

हे रोज जातात. येणारा-जाणारा थबकून बघतो: छावणीतून आलेला माणूस, त्याचा हात लतीफच्या मांडीवर. पहिल्या दिवशी दोघे-तिघे तोंड फिरवून गेले. काल एकाने आपल्या पोराचा मुरगळलेला पाय दाखवायला आणला.

नदीपलीकडले लोक एकदा पुन्हा आले होते. ओट्यावर हे बसलेले पाहून रामराम करून पुढे गेले.

लतीफच्या डोळ्यांची जागरणाची लाली गेली आहे, दिवसा जागा असतो, आपल्या ओट्यावर विड्या ओढत बसतो. माझ्या पायरीवर थोटकंही दिसत नाहीत. घरात गडीमाणूस आला की चोराचिलटाला धाक बसतो, हे खरंच. मदीनाबीला ताक पुन्हा सुरू केलं.

आश्विन शु. ३

घट बसले. रूपाबाईकडून आणखी काठ्या मागवल्या आहेत. दुसऱ्या गल्लीतल्या बाया शिकायला येतात. त्यांच्यात अख्तरी नावाची एक विधवा आहे, त्याच दिवशी झालेली. ती काठी फार जोराने मारते. रूपाबाई तिला हळू मार असं म्हणत नाही. फक्त हाताकडे बघ, एवढंच म्हणते.

ह्यांच्या कामट्या काल सुटल्या. लतीफ म्हणाला, मालक, हात पक्का झाला, आता येऊ नका.

आज सकाळी उन्हं वर आली तसे हे उठले आणि जाऊन त्याच्या ओट्यावर बसले. दोघांचा चहा तिकडेच पाठवला.